चौथा स्क्रू

मी आता जे सांगणार आहे त्यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही. आजवर बसलेला नाही, तुमचाही बसणार नाही, आणि त्याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. ऐकल्याबरोबर पटते ती काय गोष्ट झाली? ती बातमी. बातम्या द्यायला पगारी माणसं आहेत.

तर आमच्या इमारतीची लिफ्ट तिसऱ्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये थांबली. का थांबली ते विचारू नका. उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवला म्हणून प्रत्येक लिफ्टच्या पोटातलं मला कळायला पाहिजे असं थोडंच आहे! आत आम्ही चौघं होतो. एक पाचव्या मजल्यावरची दातांची डॉक्टरीण. तिचा दवाखाना तळमजल्यावर, घरी विसरलेला चष्मा घ्यायला ती वर आली होती. एक पार्सलवाला, त्याच्या हातात एवढं मोठं खोकं की खोक्यालाच पाय फुटलेत असं वाटावं. बटणांच्या फळीला पाठ टेकून उभा असलेला मी. आणि माझी नात.

नातीला मी ठिणगी म्हणतो. लहानपणी तिनं माझा टेस्टर पळवून भिंतीतला प्लग उघडला, सगळ्या घरात अंधार झाला आणि अंधारात हिच्या हसण्याचा आवाज आला, तेव्हापासून. आता मोठी झालीय, पण ठिणगी ती ठिणगीच. त्या दिवशी मात्र विझल्यासारखी दिसत होती. कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटरच्या दुकानात चालली होती, 'नाही' म्हणायला. दुकानदारानं तिला जुळणीच्या टेबलावर कामाला बोलावलं होतं. गिऱ्हाईक सांगेल तसे सुटे भाग जोडून कॉम्प्युटर तयार करायचा, हे काम. शाळेत असल्यापासून काचेला नाक लावून ती ज्या टेबलाकडे बघत आली, तेच टेबल! आज उत्तर दे म्हणाला होता, नाहीतर दुसरं माणूस बघतो. आणि ही बया नाही म्हणणार होती. कारण विचारलं तर एकच, "माझ्या हाताचा भरवसा नाही."

"आजोबा, तुम्ही लिफ्टवालेच ना?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मग करा की काहीतरी! खाली माझा पेशंट खुर्चीत आ वासून बसलाय."

"मिटायला सांगा त्याला फोन करून."

"अर्धा जबडा बधिर आहे त्याचा. मिटलाय की नाही ते त्याचं त्यालाच कळायचं नाही."

"आतून कशालाही हात लावायचा नसतो," मी म्हणालो. "आमच्या धंद्यातला पहिला नियम."

पार्सलवाल्यानं खोक्यावरून मान बाहेर काढली. "काका, जरा सरका. घंटेचं बटण दाबून बघतो."

"ती घंटा मुकी आहे रे."

"मग ते लाल बटण?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"लाल बटण लिफ्ट थांबवायला असतं, बाई. थांबलेली लिफ्ट आणखी किती थांबवणार?"

हे दोघांनाही पटलं. खालून रखवालदाराची हाक आली, "घाबरू नका हो कुणी! माणसाला फोन केलाय!"

"कधी येतोय?"

"जेवायला बसलाय म्हणे!"

ठिणगीनं कपाळाला हात लावला. एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकला, परत पहिल्यावर आणला, खांद्यावरची पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर नेली. लिफ्टचा तो डबा मुळात कपाटाएवढा. त्यात एक माणूस चुळबुळायला लागला की बाकीच्यांनाही खाज सुटते. डॉक्टरीणबाई चष्मा घालत होत्या, काढत होत्या. पार्सलवाला खोक्यावर नखानं टकटक करत होता.

"वेळ आहेच," मी म्हटलं, "तर एक गोष्ट सांगतो."

"नको," ठिणगी म्हणाली. कोणती गोष्ट ते तिला बरोब्बर कळलं होतं.

"सांगा की," पार्सलवाला म्हणाला. खोकं खाली ठेवून तो त्यावर बसायला गेला, वर 'नाजूक' लिहिलेलं दिसलं, तसा पुन्हा उभा राहिला.

मग काय! श्रोत्यांना कुठे पळून जाण्याची सोय नव्हती. असं भाग्य माझ्यासारख्याला पुन्हा पुन्हा लाभत नाही.

"ही आमची पोरगी," मी सुरुवात केली, "हिनं मध्यंतरी घरच्या घरी कॉम्प्युटर बांधला. गेम खेळायचा. साधासुधा नाही, त्याच्या पुढे तुमच्या दवाखान्यातली मशीनं म्हणजे खुळखुळे. खोकी यायला लागली ती थांबेचनात. जेवणाचं टेबल गेलं. आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवायचो, आणि टेबलावर तो मदरबोर्ड पाहुण्यासारखा पसरलेला. मला सक्त ताकीद होती..."

"आजोबा, हात लावायचा नाही. ही लिफ्ट नाही," ठिणगीनंच वाक्य पुरं केलं. भिंतीकडे बघत.

"बघा! असं बोलली. ज्यानं हिला स्क्रूड्रायव्हर धरायला शिकवला त्याला! पण मी शब्दाचा पक्का. दोन्ही हात मांडीखाली घातले आणि बसलो. डॉक्टरीणबाई, असे बधिर झाले हात, की तुमच्या पेशंटचा जबडा परवडला. सूनबाईनं चहाचा कप पुढे केला, तर मला कप दिसतोय, हातही दिसतोय, पण दोघांची ओळखच पटेना."

पार्सलवाला हसला. मला तेवढं पुरतं.

"हिची जुळणी मात्र बघत राहावी अशी. मधोमध प्रोसेसर बसवला, म्हणजे मेंदू. बिस्किटाएवढा असतो, पण तापायला लागला की विचारू नका. म्हणून त्याच्या डोक्यावर कूलर. पत्र्याच्या पापुद्र्यांचा एक गठ्ठा आणि त्याला पंखा. हा कूलर चार स्क्रूंनी खाली दाबून बसवतात. प्रत्येक स्क्रूखाली एक इवलीशी स्प्रिंग. तीन स्क्रू सरळ समोर, आणि चौथा पंख्याच्या मागे, पार कोपऱ्यात, शाळेतल्या मागच्या बाकावरच्या पोरासारखा."

ठिणगीनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा तोंड फिरवलं.

"संध्याकाळी बटण दाबलं. आणि काय सांगू! पंखे असे सुटले की खिडकीचा पडदा आत ओढला गेला. समोरच्या गच्चीवर मोजे वाळत होते, त्यातला एक तरंगत आला आणि पंख्याच्या जाळीला येऊन चिकटला."

"मोजा?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"डाव्या पायाचा. अजून जपून ठेवलाय. घरी या, दाखवतो."

"उजवा का नाही आला?"

"त्याला चिमटा लावलेला होता."

"आजोबा!" डॉक्टरीणबाईंनी तक्रार केली खरी, पण चष्म्याची उघडझाप थांबली होती.

"हिनं त्या संध्याकाळी जेवणाची हाक येईपर्यंत खेळून घेतलं. यंत्रानं हूं की चूं केलं नाही. लोण्यासारखं चाललं. हिनं माझ्या गळ्यात हात टाकले, म्हणाली, आजोबा, पहिल्या झटक्यात! एकही चूक नाही! नाचलीच. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी... धाडकन! खेळता खेळता पडदा निळा, मग काळा, मग सगळं आपोआप पहिल्यापासून सुरू. पाच-दहा मिनिटं नीट, की पुन्हा धाडकन."

"संध्याकाळी चांगलं होतं ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "मग रात्रीत असं काय झालं?"

डॉक्टर लोकांना ही खोडच असते. दुखतंय सांगितलं की कधीपासून म्हणून विचारणारच.

"काय व्हायचंय?" मी म्हटलं. "परकं घर, नवी जागा. झोप लागली नसेल त्याला."

आणि मी घाईघाईनं पुढे सरकलो. म्हणजे गोष्टीत. जागेवरून हललो नाही.

"कधी कधी चित्रच गोठायचं. हिचा तो गेममधला गडी एका छपरावरून दुसऱ्या छपरावर उडी मारायचा, आणि अधांतरी तसाच. आमचा चहा झाला, पेपर वाचून झाला, सूनबाईची भांडी झाली, तरी हा खाली येईना. शेवटी मला दया आली. म्हटलं, बाबा रे, तुझ्यासाठी खाली गादी टाकू का?"

"काय म्हणाला?" पार्सलवाल्यानं विचारलं.

"हात हलवून नको म्हणाला."

"गोठला होता ना?"

"हात मोकळा होता. मधेमधे बोलू नकोस. तर या सगळ्यात खरी काळजी वेगळीच होती. रविवारी हिची चाचणी होती. मोठा संघ आहे म्हणे, घरोघरी बसून एकत्र खेळतात, कानाला ते हेडफोन लावून एकमेकांवर ओरडतात. त्यांना एक जागा भरायची होती. त्यांचा कप्तान म्हणजे नुसता आवाज, तोंड कुणी बघितलेलं नाही. त्यानं आधीच बजावलं होतं, खेळ चालू असताना जो गळेल त्याचं नाव कट, कारण ऐकून घेणार नाही. एका सरावात ही दोनदा गळली. कप्तान म्हणाला, ताई, तुमच्याकडे कॉम्प्युटर आहे की टोस्टर? ब्रेड भाजून झाला की कळवा."

"असं बोलला?" डॉक्टरीणबाईंना राग आला.

"बोलला," ठिणगी भिंतीला म्हणाली.

"मग हिनं पदर खोचला. म्हणजे जीन्सच्या बाह्या... नाही, शर्टच्या. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बघायचं, ही हिची रीत. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशानं बरं झालं ते कळत नाही. ड्रायव्हर म्हणून काही असतं, ते काढून नवं घातलं. धाडकन. ग्राफिक्स कार्ड उपसून पुन्हा बसवलं. धाडकन. पॉवर सप्लायच्या सगळ्या वायरी काढून परत खोचल्या. एक रात्र नीट गेली, आम्हाला वाटलं सुटलो, सकाळी पुन्हा धाडकन. तापमान बघितलं, तर यंत्र काकडीसारखं गार. गार आणि तरी बेशुद्ध पडतंय! असा आजार तुम्ही तरी बघितलाय का?"

डॉक्टरीणबाईंनी नाही म्हणून मान हलवली.

"मग हिची नजर रॅमवर गेली. त्या दोन पट्ट्या असतात, त्यांच्यावर यंत्राची तात्पुरती आठवण. एक पट्टी काढली, एकीवर चालवलं. चाललं. तिच्या जागी दुसरी घातली. तीही चालली. दोन्ही घातल्या, धाडकन! मग लक्षात आलं की पट्ट्या दोन्ही शहाण्या आहेत, लबाडी खाचेत आहे. त्या एका खाचेत कुठलीही पट्टी घाला, यंत्र कधी म्हणायचं दिसतेय, कधी म्हणायचं मला काही दिसतच नाही. माझ्यासारखं. सूनबाईनं बाजारातून काय आणायला सांगितलं ते मला कधी आठवतं, कधी नाही."

"तुम्हाला सोयीप्रमाणे," ठिणगी म्हणाली.

"तेच म्हणतोय. पण ही पोरगी तिथेच खचली. म्हणाली, म्हणजे मीच बसवताना काहीतरी दाबलं, वाकवलं. भाग चांगले आहेत, माझा हात वाईट. आणि एकदा का माणसाच्या डोक्यात हे बसलं की मग त्याला तेच दिसायला लागतं. कप उचलताना हात बघायची. भाजी चिरताना हात बघायची. आमची सूनबाई भाबडी, तिला वाटलं मदत करावी, म्हणून म्हणाली, देऊन टाक परत दुकानात, हे घर आहे की कारखाना, मी चमचा शोधायला जाते आणि हाताला स्क्रू लागतो. झालं! ही आत जाऊन पांघरूण घेऊन पडली."

लिफ्टच्या वरून कुठूनतरी दार आपटल्याचा आवाज आला. आम्ही चौघांनी एकदमच वर पाहिलं. काही झालं नाही.

"आणि माझा जीव खालीवर, खालीवर," मी म्हणालो. "अंथरुणात पडवेना, खुर्चीत बसवेना. या खोलीतून त्या खोलीत, त्या खोलीतून बाल्कनीत. सूनबाई म्हणाली, बाबा, यंत्र तिचं बिघडलंय, येरझाऱ्या तुम्ही का घालताय? फरशी झिजेल. आणि झिजलीच हो! बाल्कनीच्या दारापाशी अजून खोलगट आहे. पाणी सांडलं की तिथेच जमा होतं."

"खरंच, तुम्हाला एवढी तळमळ का?" डॉक्टरीणबाई माझ्याकडे जरा निरखून बघत होत्या. दाढेतली कीड शोधताना बघत असतील तशा.

"आजोबा आहे मी तिचा!"

"आमचेही आजोबा होते. ते झोपायचे."

बाईंचं ऐकलं न ऐकलंसं केलं. अशी माणसं गोष्टीत फार जागा खातात.

"रविवार उजाडला. चाचणी दुपारची. ही टेबलावर डोकं टेकून बसलेली, शेजारी यंत्राचं झाकण उघडं. म्हणाली, आजोबा, मी सगळं सुटं करून खोक्यात भरते. मला हे जमत नाही. कप्तानाला मेसेज टाकते. म्हटलं, थांब! दहा मिनिटं थांब! गेलो, पलंगाखालून माझी पत्र्याची पेटी ओढली. किल्ली माझ्या गळ्यातल्या दोऱ्यात असते, आंघोळीलासुद्धा काढत नाही. निवृत्त झालो त्या दिवशी ती पेटी बंद केली होती. त्यानंतर त्या रविवारपर्यंत तिला माणसाचा हात लागलेला नाही. कुलूप इतकं गंजलेलं, की हातोडीनं ठोकून ठोकून उघडावं लागलं. आतून जी हवा बाहेर आली ती गेल्या सरकारच्या काळातली!"

"काय होतं आत?" पार्सलवाला खोक्याला विसरला होता.

"माझा स्क्रूड्रायव्हर. पिवळी मूठ, आणि लांबीला हा एवढा, कोपरापासून बोटांपर्यंत. लिफ्टच्या दारामागे जिथे हात जात नाही, तिथे हा जातो. असा दुसरा आमच्या घरात नाही, या इमारतीत नाही. हिच्याकडे आहे तो बोटाएवढा, खेळण्यातला. आता आमच्या धंद्यातली एक खुबी सांगतो. मोटर कुठे दुखतेय हे बघून कळत नाही. स्क्रूड्रायव्हरचं टोक लोखंडाला टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. आतलं सगळं ऐकू येतं. यंत्र सुरू करायला लावलं, टोक हलकेच टेकवलं, डोळे मिटले. पंखा म्हणतोय, फिरतोय बाबा, फिरतोय. ग्राफिक्स कार्ड म्हणतंय, कधी वाढताय, भूक लागली. आणि या सगळ्यांच्या खाली, अगदी बारीक आवाजात, प्रोसेसर कण्हतोय, मान... माझी मान... कुणीतरी मान दाबतंय..."

"मराठीत?" पार्सलवाल्यानं विचारलं.

"आमच्या घरात राहायचं तर मग कशात बोलणार?"

डॉक्टरीणबाई मोठ्यानं हसल्या. ठिणगी हसली नाही. ती माझ्या हातांकडे बघत होती. मी हात पाठीमागे घेतले.

"हिला म्हटलं, बंद कर, आणि कूलरचे चारही स्क्रू थोडे थोडे सैल कर. एकदम एक नाही. एक इकडचा, मग त्याच्या तिरका समोरचा, लिफ्टचा पत्रा बसवतात तसं. मी बोट लावलं नाही, विचारा तिला. तिनं केलं. तिन्ही स्क्रू भयंकर घट्ट होते. आणि चौथा, तो पंख्यामागचा, त्याच्यापर्यंत हिचा स्क्रूड्रायव्हर पोचेना. माझा दिला. दोन्ही हातांनी पिवळी मूठ धरून पिळली तेव्हा कुठे सुटला, आणि सुटताना असा किंचाळला, की खालच्या मजल्यावरचं बाळ जागं होऊन रडायला लागलं."

"मग?"

"मग काय! दोन्ही पट्ट्या घातल्या, दोन्ही दिसल्या. कूलर इतका आवळलेला होता की बोर्डाला बाक आला होता, आणि त्या बाकामुळे एका खाचेचा धागा प्रोसेसरला कधी लागायचा, कधी सुटायचा. दुपारी चाचणी झाली. आमचा गडी एका छपरावरून उडाला तो थेट दुसऱ्यावर! पुढे तर असा उडत सुटला की पडद्याच्या कडेला धडकेल म्हणून मी उशी धरून उभा राहिलो. शेवटी कप्तान म्हणाला, टोस्टरताई, जागा तुमची."

पार्सलवाल्यानं टाळी वाजवली. एका माणसाची टाळी लिफ्टमध्ये फार मोठी वाटते.

"पण एक कळलं नाही, काका," तो म्हणाला. "स्क्रू एवढे घट्ट कशानं झाले होते?"

याच प्रश्नासाठी मी थांबलो होतो. घसा खाकरला.

"भीतीनं!"

"भीतीनं?"

"पहिल्याच संध्याकाळी हिनं त्याच्याकडून काय काय करून घेतलं! बाँब, गोळ्या, आगी, किंकाळ्या. नवं कोवळं यंत्र ते. रात्री एकटं पडलं आणि धसका घेतला. घाबरला की माणूस मुठी आवळतो ना? यंत्राला मुठी नाहीत. त्यानं स्क्रू आवळले. आपोआप, एकेक आटा. विज्ञान आहे हे."

डॉक्टरीणबाई डोळे पुसत हसत होत्या. "आजोबा, तुम्ही म्हणजे..."

"पुरे!" ठिणगी म्हणाली. आवाज केवढा तरी चढला होता. "गंमत करू नका त्याची. मी आवळले होते. मी जोर लावला, मी बोर्ड वाकवला, आणि तुम्ही मला वाचवायला म्हणून हे असलं काहीतरी जो भेटेल त्याला सांगत सुटता. मला दया नकोय. मी स्क्रूड्रायव्हर स्वयंपाकघरातल्या चमच्यांत टाकून दिलाय. माझं घरचं मशीन मी बिघडवलं, लोकांची कशी हातात घेऊ? खाली गेल्यावर त्यांना सांगून टाकणार आहे. कधी सुरू होणार ही लिफ्ट!"

तिनं दाराच्या पत्र्यावर तळहात आपटला. सगळा डबा घुमला. खालून रखवालदार म्हणाला, "भात खातोय म्हणे! आलाच!"

पार्सलवाल्यानं उगाचच खोक्यावरची चिकटपट्टी नीट दाबली. मी छताकडे पाहिलं आणि स्वतःशीच बोलावं तसं पुटपुटलो, "पण तो चौथा म्हणजे सगळ्यांत घट्ट. पंख्याच्या मागचा. बोटभर स्क्रूड्रायव्हर जिथे पोचतच नाही, तोच सगळ्यांत घट्ट. भीतीसुद्धा कुठे कुठे पोचते!"

ठिणगी काहीतरी उलटून बोलणार होती. तोंड उघडलं होतं. तशीच थांबली.

मग तिचा उजवा हात वर आला. अंगठा आणि पहिली दोन बोटं जवळ आली, आणि हवेतच, काहीतरी बारीक चिमटीत धरल्यासारखी, फिरली. एकदा. दोनदा. बोटं अडली. तिनं पुन्हा तसंच केलं. या वेळी हात जरा वाकडा करून, जणू मध्ये काही अडचण आहे आणि तिच्या मागून जायचंय.

"काय गं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"मी चौथा बोटांनी बसवला होता," ती हळूच म्हणाली. "माझा पोचत नव्हता तिथे. बोटांनी फिरवला, स्प्रिंग लागली तिथे सोडून दिला. म्हटलं, राहू दे, पुरे आहे. हलत होता थोडा."

"मग बोटांनी बसवलेला स्क्रू किंचाळेपर्यंत घट्ट कसा?" डॉक्टरीणबाईंचं हसू गेलं.

"सांगितलं ना," मी म्हणालो, "भीतीनं एकेक आटा..."

"आणि पेटी!" ठिणगी माझ्याकडे वळली. डबा एवढासा, तिचं नाक माझ्या नाकासमोर आलं. "हातोडीनं ठोकलं म्हणे! पेटी मी ओढली होती पलंगाखालून. किल्ली लावली तर कुलूप लोण्यासारखं उघडलं. तेल होतं त्याला. ताजं. माझ्या बोटांना लागलं, मी पुसलं टेबलाच्या फडक्याला, आई ओरडली मला. निवृत्त झाल्यापासून बंद पेटीच्या कुलपाला तेल कुणी घातलं, आजोबा?"

"इमारतीत दमट हवा फार, तेल आपोआप..."

"पहिल्या संध्याकाळी जेवताना तुम्ही तीनदा विचारलंत, तो मागचा स्क्रू हलतोय का गं? मी म्हटलं, हलू दे, तो तसाच असतो. मग मी झोपायला गेले."

"माझे हात मांडीखाली होते. बधिर..."

"खोटं!" ती ओरडली. एवढ्या मोठ्यानं, की खाली रखवालदारानं काय झालं म्हणून विचारलं. "धादांत खोटं! तुम्ही आवळलेत ते स्क्रू! चारही! हलणारा स्क्रू तुम्हाला बघवत नाही म्हणून त्या रात्री पेटी उघडून तुम्ही पिळलेत! माझं बरोबर होतं, पहिल्याच झटक्यात बरोबर होतं, माझा हात चुकलाच नव्हता! आणि आता त्या लाल बटणावरची पाठ काढा, आजोबा. मला दुकानात जायचंय, हो म्हणायला."